एका ओळीतले शब्द

वर्षापूर्वी बाबांच्या लॅपटॉपवर एका ओळीत चौदा शब्द मावत. आता जेमतेम सहा मावतात. बाबा मुद्रितशोधक, घरी बसून पुस्तकं तपासणारे. अक्षरं पुसट दिसली की ते लॅपटॉपमधल्या लिनक्स प्रणालीच्या नावानं खडे फोडत. मग ते आंघोळीला गेले की लेक गुपचूप पडद्याचं रिझोल्यूशन आणखी उतरवी, म्हणजे अक्षरं मोठी, ठसठशीत होत, आणि लॅपटॉप पुन्हा सुरू केला तरी तेच राहील अशी सोयही करून ठेवी. हातातलं काम सुटलं तर बाबा खचतील, याची तिला धास्ती होती.

"सत्तरी उलटली, पण नजर बघ, घारीची!" आज चहा पिता पिता बाबा तिला म्हणाले. "वर्षभरात डोळ्यांच्या डॉक्टरचं तोंड पाहिलेलं नाही. उद्यापासून तुझ्या लेकीला शाळेत गाडीनं मीच सोडणार."

त्यांनी टेबलावरच्या किल्लीकडे हात नेला. तो किल्लीच्या वीतभर अलीकडेच पडला आणि चाचपडू लागला.

तिनं किल्ली उचलून मुठीत धरली.



"बाबा, तुम्ही गाडी चालवायची नाही. अक्षरं वर्षभर मीच मोठी करत आले. आत्ताच्या आत्ता डोळे दाखवायला जायचं."