मफरूर मोहीम

"आजकालच्या पोरांना बुटाशिवाय दोन पावलं टाकवत न्हाईत! माझे पणजोबा हाच डोंगर अनवाणी चढले होते, एका दमात!" असं ओरडून भुजंग सर माथ्यावरच्या दगडावर टेकले आणि स्वतःचेच बूट काढू लागले. नव्याकोऱ्या ट्रेकिंगच्या बुटांनी टाचांना फोड आणले होते.

इस्लापूरजवळचा तो डोंगर काही फार उंच नव्हता. पण सरांचं पोट पुढे निघे आणि दम मागे राही. लातूरहून त्यांनी बस भरून पोरं आणि पालक आणले होते. यंदा त्यांच्याच गल्लीत आणखी दोन क्लास निघाले होते. ही माणसं प्रवेशाचा शब्द न देता खाली उतरली, तर आपल्या क्लासला कुलूप लागणार, हे सरांना पक्कं ठाऊक होतं. बिचारे त्यासाठीच घाम गाळत होते.

माथ्यावर फलक ताणला गेला. वर ठळक अक्षरांत 'मफरूर मोहीम'. खाली बारावीला पहिल्या आलेल्या मुलीचा हसरा फोटो आणि शेजारी 'हीसुद्धा आमचीच!'

"मफरूर म्हणजे काय हो, सर?" अण्णाराव नावाच्या पालकानं विचारलं.

"निजामाच्या काळची पदवी हाय ती, आमच्या पणजोबांची! भूकंपात घर गेलं, भांडीकुंडी गेली, पदवी तेवढी राहिली. आजी सांगायची, खुद्द निजामाचे शिपाई दारात येऊन विचारायचे, रेवणसिद्ध मफरूर कुठं हाय म्हणून. शंभर वर्षांपूर्वी लातूरकडून पायी निघाला माणूस. काठी न्हाई, पाणी न्हाई, मोबाइल न्हाई. एकदा निघाला तो मागं वळून बघितलंच न्हाई. याला म्हणतात ध्येय!"

टाळ्या पडल्या. सर टम्म फुगले.

तेवढ्यात एक बाई पुढे झाल्या. सकाळी त्या क्लासची जाहिरात हातात घेऊन नांदेडला बसमध्ये चढल्या, तेव्हा आणखी एक प्रवेश आला असं समजून सरांनीच त्यांना पुढची सीट दिली होती. नाव आबेदा. उर्दू शाळेत शिकवत.

"सर, फोटोतली ही माझी जेबा हाय. ती तुमच्या क्लासात कवा आली?"

सगळे पालक एकदा फलकाकडे, एकदा सरांकडे बघू लागले.

"आलोच, जरा पाण्याचं बघून," असं पुटपुटत सर मागच्या उतारानं निघाले. आधी चालत, मग चक्क पळत. बूट, काठी, बाटली, मोबाइल, सगळं दगडावरच राहिलं. त्यांनी मागं वळून काही बघितलं नाही.

अण्णारावांनी संतापून फलकाला हात घातला.

"फाडू नका," आबेदाबाई म्हणाल्या. "मफरूर म्हणजे फरार. शब्द बरोबर हाय, फोटो तेवढा सरांचा लावा."