मोजणीवाला

"अरे उत्तम, तिकडे धूर दिसतोय तिथे घरं आहेत ना? किती असतील?" मुकुलने विचारलं.

उत्तमने मागे वळूनही पाहिलं नाही. "पक्षी बघायला आलात ना साहेब? मग वर बघा."

येऊरच्या डोंगरावर ढग उतरले होते. पौषातला गार वारा अंगाला झोंबत होता. पक्षी एकही नव्हता, आणि हा डोंबिवलीचा माणूस सकाळपासून घरांचंच विचारत होता. वर मोबाइलमध्ये काहीतरी टिपून घेत होता.

मागच्या खेपेला पाड्याने मोजणीवाल्यांना हाकलून लावलं होतं. आता ते फिरायला आल्यासारखे येणार, अशी कुणकुण होती. लग्न झालं तेव्हा उत्तमने घरामागे एक खोली वाढवली होती. ती कागदावर चढली की पाडणार, हे ठरलेलंच.

सोबतच्या प्रमोदिनीबाई गुडघा धरून दगडावर टेकल्या. "तुम्ही व्हा पुढे. मला नाही जमायचं."

"मावशी, ही खालची वाट आमच्या दारातच जाते. आई आहे घरी. चहा घ्या, जरा शेकत बसा."

बाई लंगडत गेल्या. उत्तम मुकुलला घेऊन उलट्या दिशेला वळला, थेट खाजकुयलीच्या रानात.

"आग होतेय रे सगळीकडे! मुद्दाम आणलंस ना मला इथे?"

"जंगल आहे साहेब, मॉल नाही."

दोन तासांनी गेटपाशी आले तेव्हा मुकुलची मान लालबुंद सुजली होती. "आईबाबांना चुलीवरचं जेवायला आणायचं होतं. कोणाकडे सोय होते का, म्हणून विचारत होतो. आता मेलो तरी पाय ठेवणार नाही इथे!"

"नकाच ठेवू," उत्तम म्हणाला. थाप तरी बरी मारायची!

रिक्षा दिसेनाशी होईपर्यंत तो उभा राहिला. मग शीळ घालत घरी आला.

"गेल्या का गं मावशी?"

"मघाशीच." आई भांडी घासत होती. "गुणाची बाई. मागची खोली फार आवडली तिला. गावाला अश्शीच बांधायची म्हणाली."

"चहा दिलास ना?"

"दिला की. तू पाठवलेलं माणूस, तसंच कसं सोडीन? टेप लावायला एकटीला जमेना, तर दुसरं टोकसुद्धा मीच धरलं."