हॅलबरीची गावफेरी

हॅलबरी गावात पाहण्यासारखं पुष्कळ आहे, असं माहितीपत्रक छातीठोकपणे सांगतं. पाहायला मात्र कोणी येत नाही. आजही कोणी आलं नाही, तर गावफेरी कायमची बंद होणार होती. आणि बायको गेल्यापासून ऑब्रीला बोलायला तेवढंच निमित्त उरलं होतं.

ठरल्या वेळी त्याने वाटाड्याची छत्री उंच धरली आणि “इथे पूर्वी लोणी विकायचे,” असं हवेलाच सांगत तो बाजारातून एकटा निघाला.

“काय रे ऑब्री, आज बरीच मंडळी जमवलीस की!” चीजवाली बेरिल ओरडली. “त्यांना म्हणावं, काहीतरी घ्या. नुसतं बघत काय उभे राहता?”

टोमणाच असणार. पण बेरिल हसत नव्हती.

मागे वळायचा ऑब्रीला धीर झाला नाही. चर्चपाशी पोचल्यावर, नजर कडीवर ठेवून, त्याने रीतीप्रमाणे मागच्यांसाठी दार उघडं धरलं.

बराच वेळ धरावं लागलं.