सुरमईचं डोकं

श्रावण संपला त्या सकाळी मेंदूतज्ज्ञ सुलभा खानोलकरनं स्वतः बाजारातून सुरमई आणली. पूर्वी या दिवशी तिचे बाबा उजाडायच्या आत कोळणीशी हुज्जत घालायला हजर असायचे. दुपारी तिनं त्यांच्या पानात त्यांचं लाडकं डोकं वाढलं.

"कसं झालंय, बाबा?"

"चांगलंच असेल की."

त्यांची साखर आटोक्यात येईना, म्हणून गेल्या वर्षी सुलभानं आपणच शोधलेली भुकेची लस त्यांना टोचली होती. भूक जागवणारं संप्रेरक गप्प झालं, साखर उतरली. मग बाबांचं पेटी वाजवणं बंद झालं, नातवाला फोन करणंही थांबलं. सगळी ओढ त्याच एका संप्रेरकावर चालते, हे तिला फार उशिरा कळलं.

तिनं पर्समधून उताऱ्याची कुपी काढली. "बाबा, यानं सगळं पूर्वीसारखं होईल. देऊ?"

"तुला हवं तर दे."

"तसं चालत नाही. तुम्हाला हवं असायला लागतं."

उतारा मागेल त्यालाच द्यायचा, हा नियम तिनंच हट्टानं करून घेतला होता.

"मला काही नको गं," बाबा हसून म्हणाले. आणि जे डोकं त्यांनी कधी आईलाही दिलं नव्हतं, ते उचलून त्यांनी सुलभाच्या पानात ठेवलं.