बारावी खुर्ची

प्रभूने शिष्यांचे धुतले, तसे फादर दरवर्षी बारा जणांचे पाय धुवायचे. त्या खुर्च्यांवर बसायची ती बडी धेंडंच. यंदा त्यातलं एक आजारी पडलं, म्हणून फादरांनी चर्चची फरशी पुसणाऱ्या मावशींनाच बसवलं. मावशींना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांच्या टाचांच्या भेगांत काळं साचलेलं, आणि शेजारचे पाय घरूनच साबणाने घासून, वर अत्तर लावून आणलेले!

"फादर, हिचे पाय बघितलेत का?" कमिटीचे अध्यक्ष कुजबुजले. "पाणी घाण होईल."

मावशींनी घंगाळात डोकावलं. अकरा जण उरकले तरी पाणी नितळच होतं.

"होऊ दे एकदाचं," फादर म्हणाले. "इतकी वर्षं मी धुतलेलेच पाय धुतोय."