कापणीच्या सणाचं अर्पण

साक्रीकडच्या त्या पाड्यावर दिवस कलला की बुधीबाई दाराशी चाहूल घेत बसायची. नवरा, रोहिदास, पिऊन आला की कोपऱ्यातलं सागाचं दांडकं उचलायचा आणि ती खाली पडेपर्यंत हाणायचा. परवा तर त्याने तिचं मनगट मोडलं, डोक्याला खोक पाडली.

पास्टरांनी तिच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली; त्यांची बायको शेजारीच उभी होती. म्हणाले, "बाई, काळजी उराशी धरून बसू नको. प्रभूच्या पायाशी आणून ठेव आणि मोकळी हो."

रविवारी चर्चमध्ये कापणीचा सण होता. बायका भात, भोपळे, पाय बांधलेल्या कोंबड्या वेदीपुढे आणून ठेवत होत्या. बुधीबाईने धड असलेल्या हाताने दांडकं आणलं आणि भोपळ्यांशेजारी ठेवलं. त्यावर तिचंच रक्त वाळलेलं होतं.

"मनी काळजी हाईच शे, पास्टर," ती दांडक्याकडे बोट दाखवत म्हणाली.

सणाच्या जेवणासाठी आलेला रोहिदास शिव्या देत उठला. "घर चाल, तुनं मुंडकंच तोडसू!"

पास्टरांनी धावत जाऊन त्याची गचांडी धरली आणि त्याला भिंतीवर आदळलं. "बायकोवर हात उगारतोस, सैताना? वरून प्रभू बघतोय!"

सगळी मंडळी एका आवाजात "आमेन" म्हणाली. बुधीबाईने पहिल्यांदाच मान वर केली.



तेवढ्यात पुढच्या सतरंजीवरून पास्टरांची बायको उठली. तिने पदराआडून नवऱ्याचा पितळी बकलाचा पट्टा काढला आणि त्या दांडक्याला लागून ठेवला.