मोरीची जागा

आचऱ्याच्या नव्या रस्त्यावर ओव्हरसियर काशिनाथ कचेरीचा हुकूम हातात घेऊन उभा होता. रस्त्याचं कंत्राट एकाला दिलेलं, व्हाळाचं पाणी खालून सोडणाऱ्या मोरीचं दुसऱ्याला. रस्ता होऊन पंधरवडा उलटला आणि मोरीला मंजुरी आज आली. म्हणजे पाइप घालायला झालेला रस्ता फोडायचा. दर कामाला हेच. चार महिने धुमस आपटून खडी दाबणाऱ्या म्हाताऱ्या भिकाजीला हे सांगायचं त्याच्या जिवावर आलं होतं. “पाइप आता येतायत. इथे खणावं लागेल.” भिकाजीने मुकाट्याने पहार मारली. ती पुळणीच्या वाळूत शिरावी तशी आत गेली. काशिनाथ चमकला. “हयसर धुमस मारूकच नाय मी, सायेब,” भिकाजी म्हणाला. “पायप मागसून येतले, ह्या म्हायत होता.” सगळा रस्ता पक्का असल्याच्या दाखल्यावर काशिनाथने इथेच उभं राहून सही केली होती.